विचारण्यात कसली शरम?

आमच्या घरांत मुलगी सहा-सात वर्षांची झाली की तिला पाकी शिकवली जाते. लोटा कोणत्या हातात धरायचा, कोणत्या हाताने धुवायचे, कपड्यावर थेंब उडाला तर काय करायचे, हे सारे नमाजच्या आधी शिकवले जाते. त्यामुळे स्वच्छतेचा विषय निघाला की आम्हाला वाटते, हे आम्हाला काय सांगता? आम्ही तर दिवसातून पाच वेळा वुजू करणारी माणसे! ही समजूत निम्मी खरी आहे. पाण्याने धुण्याची सवय ही मोठी नेमत आहे आणि ती आम्हाला आईच्या हातून फुकट मिळाली. पण ज्या जागेची पाकी शिकवली, त्या जागेला त्रास झाला तर कोणाला सांगायचे, हे मात्र कोणी शिकवले नाही. ‘शरम की बात है’ एवढ्यावर ते प्रकरण मिटते.

आम्ही हिवरा आश्रमला राहतो. मेहकर तालुक्यातले हे गाव विवेकानंद आश्रमामुळे दूरवर माहीत आहे. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात शेतात बसणाऱ्या पुरी-भाजीच्या पंगती पाहायला लांबलांबून लोक येतात. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. वर्गात मुली, आणि मुलींच्या मागून त्यांच्या अम्मी. इतक्या वर्षांच्या नोकरीत व्याकरणाच्या शंका कमी आल्या आणि ‘आपा, जरा बाजूला येता का?’ असे म्हणून विचारलेल्या गोष्टी जास्त. आम्ही डॉक्टर नाही. बी.एड.ला हा विषय नव्हता. पण विचारणारी समोर उभी राहिली की तिला उत्तर द्यावे लागते. म्हणून आम्ही लेडी डॉक्टरांना विचारले, आशाताईंना विचारले, पुस्तके पाहिली. त्यातले जे रोजच्या वागण्याचे आहे ते वाचक भगिनींसमोर ठेवत आहोत.

सुरुवात पाण्यापासून करू. शाळेत अनेक मुली सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत आणि दिवसभर बाटलीला हात लावत नाहीत. कारण विचारले तर हसतात. कारण एकच, लघवीला जायला लागू नये. शाळेचे स्वच्छतागृह असले तरी दाराला कडी नसते, कडी असली तर नळाला पाणी नसते. हीच मुलगी मोठी होते, लग्नाला जाते, सैलानीच्या यात्रेला जाते, एस.टी.ने औरंगाबादला मामाकडे जाते, तेव्हा तिची तीच सवय तिच्याबरोबर जाते. बाईचा लघवीचा मार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. शौचाच्या जागेजवळचे जंतू तिथून मूत्राशयात पोहोचायला फार वेळ लागत नाही. ते वाहून बाहेर काढण्याचे काम लघवीच करते. पाणी कमी, लघवी तुंबवलेली, मग जळजळ, थेंबथेंब होणे, ओटीपोटात दुखणे, आणि दुर्लक्ष केले तर थंडी वाजून ताप, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला. पती-पत्नीच्या संबंधानंतर लगेच लघवीला जाऊन यावे, हे डॉक्टर सांगतात. नव्या नवरीला हे कोणी सांगत नाही. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात कितीतरी मुली लघवीच्या जळजळीने हैराण होतात आणि सासरी कोणाला बोलत नाहीत.

रमजानचे वेगळे आहे. रोज्यात दिवसभर पाणी नाही, तर इफ्तारपासून सेहरीपर्यंत ते थोडे थोडे करून भरून काढावे, सेहरीला एकदम तांब्याभर पिऊन काही साधत नाही. हे बहुतेकींना माहीत असते. पण आम्हाला बोलायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीवर. हैजच्या दिवसांत बाईला रोजा नाही, ही अल्लाहने दिलेली सवलत आहे. त्या दिवसांत तिला खायला-प्यायला मुभा आहे. आमच्या घरांत काय होते? घरात सासरे, दीर, भाऊ. त्यांच्यासमोर पाणी प्यायले तर कळेल. म्हणून मुलगी सेहरीला सगळ्यांबरोबर उठते, दिवसभर तोंड कोरडे ठेवून फिरते आणि इफ्तारला सगळ्यांबरोबर खजूर खाते. रक्त जाते आहे, एप्रिल-मेचे ऊन पडले तर पारा बेचाळीसवर, आणि पोटात पाणी नाही. नसलेल्या रोज्याचे हे सोंग कोणासाठी? घरातल्या थोरल्या बाईने एवढेच करावे. आतल्या खोलीत एक सुरई आणि झाकलेले ताट ठेवावे आणि मुलींना सांगून टाकावे की ते तुमच्यासाठी आहे. आमच्या घरी ते आहे. पुरुषांना कळले तर कळू दे. त्यांच्या घरात बायका आहेत हे त्यांना ठाऊकच आहे.

आता धुण्याबद्दल. हात पुढून मागे जावा, मागून पुढे कधी नाही. शौचानंतर तर विशेष. लहान मुलीला इस्तिंजा शिकवताना कोणता हात हे आपण शिकवतो, कोणती दिशा हे विसरतो. पाणी साधे हवे. योनिमार्गाचा आतला भाग स्वतःला स्वतः साफ ठेवतो. तिथे चांगले जंतू राहतात, ते आतला भाग किंचित आंबट ठेवतात, आणि त्या आंबटपणामुळे वाईट जंतूंना तिथे ठाण मांडता येत नाही. आपण साबण, डेटॉलचे पाणी, तुरटी किंवा दुकानातला सुगंधी ‘वॉश’ आत घातला की पहिल्यांदा मरतात ते हे राखणदार. मग खाज सुटते, खाज सुटली म्हणून बाई आणखी डेटॉल घालते. आमच्या ओळखीच्या एक खाला दर जुम्याला असे करत होत्या आणि दर सोमवारी औषधाच्या दुकानात उभ्या असत. बाहेरच्या भागाला पाणी पुरते, फार तर सौम्य साबण. काहीजणींना वाटते, आत हात घालून धुतल्याशिवाय गुस्ल पुरे होत नाही. तशी अट नाही. गुस्लमध्ये बाहेरचा भाग धुणे आहे. मनातल्या या वसवशाने किती बायकांनी आपल्या शरीराला जखमी केले असेल! धुतल्यानंतर मऊ सुती कापडाने टिपून कोरडे करावे. ओल्यावर सलवार चढवली की दिवसभर तिथे दमट राहते आणि बुरशीला तेच हवे असते.

कपड्यांचेही तसेच. आमच्याकडे उन्हाळ्यात नायलॉनची निकर, त्यावर पॉलिस्टरची सलवार, त्यावर काळा बुरखा, आणि चुलीपुढे दोन तास. पडदा राखायला कोणाची हरकत नाही. पण सर्वात आतले कापड सुती असावे, सैल असावे, रोज बदलावे, आणि रात्री झोपताना शक्य तेवढे मोकळे असावे. खालचे केस काढण्यासाठी घरातल्या सगळ्या बायका एकच रेझर वापरत असतील तर ते आजच बंद करावे. रेझर ज्याचे त्याचे. केस काढण्याची क्रीम नाजूक आतल्या कडांना लागू देऊ नये, भाजते. फोड आले असतील तर बरे होईपर्यंत थांबावे. चाळीस दिवसांची मुदत दिलेली आहे, घाई कशाला?

पाळीच्या दिवसांत पॅड असो की कापड, चार ते सहा तासांनी बदलायचे, रक्त कमी असले तरीही. राज्य सरकारने २०१८ च्या महिला दिनापासून अस्मिता योजना सुरू केली, तेव्हा जिल्हा परिषद शाळांच्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देण्याचे ठरले. जनऔषधी केंद्रांत २०१९ पासून एक रुपयाला एक पॅड मिळू लागले. पण पॅड घेतले म्हणजे प्रश्न संपला असे नाही. पॅड महाग म्हणून सकाळी लावलेले संध्याकाळपर्यंत ठेवणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. त्यापेक्षा स्वच्छ सुती कापड चार वेळा बदललेले चांगले. कापड वाईट नाही, कापड वाळवण्याची जागा वाईट असते. ते ओढणीखाली, पलंगाखाली, न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवतात. तिथे ते वाळत नाही, आंबते. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलेले कापडच पुन्हा वापरावे. बाप-भावांची नजर चुकवायची असेल तर वर पातळ ओढणी टाकावी, पण दोरी उन्हातच हवी. या दिवसांत नमाज नाही म्हणून काही घरांत मुलगी अंघोळही टाळते. गुस्ल शेवटी करायचे असते, पण अंग धुवायला कोणी मनाई केलेली नाही. आणि ती नापाक झाली म्हणून तिच्या हातचे पाणी न घेणे हे तर आपल्या दीनमध्ये नाहीच. हजरत आयशा (रजि.) हैजमध्ये असताना प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या मांडीवर डोके टेकून कुरआन पठण करीत, हे हदीसमध्ये आलेले आहे.

सर्वात जास्त प्रश्न येतात ते अंगावरून पांढरे जाण्याचे. आमच्या भागात समजूत अशी की हाडे विरघळून अंगावरून जातात, त्यामुळे बाई वाळते, कंबर धरते. तसे काही नाही. वयात आलेल्या बाईला थोडे पांढरे पाणी जाणे ही शरीराची रीत आहे. दोन पाळ्यांच्या मध्ये ते पातळ, अंड्याच्या पांढऱ्यासारखे तार धरणारे असते, पाळीच्या आधी जरा घट्ट. गरोदरपणात वाढते. त्याला घाण वास नसतो, खाज नसते. त्यावर औषध घेऊ नये. पण दह्याच्या चोथ्यासारखे घट्ट आणि सोबत खाज, मासळीसारखा वास, हिरवट-पिवळे फेसाळ, किंवा ओटीपोटात दुखून येणारे, यांतले काही असेल तर तो आजार आहे आणि त्याचे औषध आहे. प्रत्येकाचे वेगळे. म्हणून मेडिकलवाल्याकडून ‘पांढऱ्याची किट’ आणू नये. खाज पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासावी. मधुमेह असा गुपचूप येतो, तो डोळ्यांआधी इथे कळतो. काही संसर्गांत नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. तो म्हणतो, मला काय झालेय? आणि बाई तिसऱ्यांदा आजारी पडते.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले, तेव्हा जगभर चर्चा झाली. शंभरातल्या ९२ स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग निघाला, सरासरी एकीला साडेतीनपेक्षा जास्त. आणि आयुष्यात कधी स्त्रीरोगाची तपासणी किंवा उपचार झालेल्या फक्त आठ टक्के. गडचिरोली आमच्यापासून विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण ते वाचताना आम्हाला आमच्या मोहल्ल्याच्या गल्ल्या दिसल्या. बाया सहन करत होत्या आणि सहन करण्यालाच चारित्र्य समजत होत्या.

मदिनेच्या बायका अशा नव्हत्या. त्या हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे डबीत कापूस पाठवीत, त्यावर पिवळसर डाग असे, आणि विचारीत की आता आम्ही पाक झालो का? त्या उत्तर देत, घाई करू नका, पूर्ण पांढरे दिसू द्या. फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांचे रक्त थांबत नव्हते. त्या सरळ प्रेषितांकडे (स.) गेल्या आणि विचारले. त्यांना सांगण्यात आले की हा हैज नव्हे, ही रग आहे. म्हणजे रीतीचे रक्त वेगळे आणि आजाराचे वेगळे, हा फरक तेव्हा एका बाईने तोंड उघडून विचारला म्हणून आपल्या सर्वांना कळला. अन्सारच्या बायकांचे हजरत आयशांनी (रजि.) कौतुक केले ते याच कारणाने, की हयेने त्यांना शिकण्यापासून अडवले नाही. आम्ही हया म्हणतो आणि तिच्या नावाने तोंड शिवून घेतो.

न बोलण्याची किंमत काय असते ते ऊसतोडीच्या बायकांना विचारावे. आमच्या भागातूनही काही कुटुंबे दिवाळीनंतर कारखान्यांकडे जातात, त्यात आमच्या समाजाचीही आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पालावर न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांब. पाळीत कापड बदलायला आडोसा नाही. पांढरे जाणे, पोट दुखणे सुरू होते. मग कोणीतरी सांगते, पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यात चाळिशीच्या आतल्याही होत्या. आमच्या एका विद्यार्थिनीची आई, वय बत्तीस, अशीच एका खासगी दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आली. ऑपरेशनची तारीख ठरली होती, बकऱ्या विकायला काढल्या होत्या. तिला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. सोनोग्राफी झाली, पिशवी ठीक होती. संसर्ग होता. नवरा-बायकोला गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले. बकऱ्या वाचल्या. पिशवी काढावी लागते अशी कारणे असतात, नाही असे नाही. पण मोठ्या गाठी किंवा न थांबणारा रक्तस्राव ही गोष्ट वेगळी आणि पांढरे जाणे वेगळे. कोणी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय हो म्हणू नये. घाईत बीजांडेही काढली तर तरुण बाईला म्हातारपण दारात येऊन उभे राहते, हाडे ठिसूळ होतात.

आणि कॅन्सरची भीती असेल तर पिशवी काढण्याऐवजी तपासणी करून घ्यावी. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एकदम होत नाही, त्याला बरीच वर्षे लागतात आणि मधल्या काळात तो पकडता येतो. एक तपासणी तर आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूच्या नात्यातली आहे. सिरक्यात असते तेच आम्ल पातळ करून गर्भाशयाच्या मुखाला लावतात आणि एक मिनिटाने पाहतात, दोष असेल तिथे पांढरा डाग उठतो. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख स्त्रियांमध्ये ही पद्धत वापरून पाहिली. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणाऱ्या बायका दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या होत्या. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रीची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा मोफत करायची आहे. आशाताईंना विचारावे, कोणत्या केंद्रात कोणत्या दिवशी होते. या कॅन्सरला कारण असणाऱ्या विषाणूवर लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ मध्ये आली. नऊ ते चौदा हे वय तिच्यासाठी सर्वात चांगले. मुलीला लस दिली म्हणजे तिच्या चालचलनावर शंका घेतली, असे समजणारे लोक आहेत. गोवराची लस देताना कोणी असे समजत नाही.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. पाळी कायमची गेल्यानंतर, वर्षभराने पुन्हा रक्ताचा एक डाग जरी दिसला, किंवा संबंधानंतर रक्त आले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे. आमच्या नात्यातल्या एका फुफीने असा डाग अकरा महिने लपवला. सुनांना सांगायचे नाही, मुलांना तर नाहीच. कळले तेव्हा पायांना सूज होती. त्यांची नमाज एकही सुटली नव्हती, कपडे बदलून बदलून त्या पाक राहत होत्या. त्यांच्या मय्यतीत गुस्ल देणाऱ्या बायकांनीच काय ते सारे पाहिले.

पुरुष वाचक हे पान उलटून गेले नसतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. दवाखान्यात न्यायची मोटारसायकल तुमची, खिशातले पैसे तुमचे, आणि ‘कशाला जायचे?’ हा प्रश्नही तुमचाच. बायकोला कारण सांगायला लावू नका. ‘लेडी डॉक्टरकडे जाऊन येते’ एवढे पुरेसे मानावे. घरात न्हाणीला दार, दाराला आतून कडी आणि आत पाण्याचा नळ, हे करून दिले तर अर्धे आजार कमी होतील. खर्च मोबाईलपेक्षा कमी येतो.

तपासणीला जाताना काही गोष्टी कराव्यात. शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून न्यावी, आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे न्यावीत. आतून धुऊन जाऊ नये, त्यामुळे खरी परिस्थिती डॉक्टरांना दिसत नाही. सैल सलवार घालावी. बाई डॉक्टर मागण्याचा आपल्याला हक्क आहे, पुरुष डॉक्टर असतील तर सोबत नर्स किंवा घरची बाई उभी राहील असे सांगावे. लग्न झालेले नसेल तर ते पहिल्यांदाच सांगावे, मग आतून तपासत नाहीत. सोबत बहीण, नणंद, कोणीतरी न्यावे. आणि तोंडाने सांगणे फारच जड जात असेल, तर त्रास चिठ्ठीवर लिहून तीच पुढे करावी. आमच्या ओळखीच्या लेडी डॉक्टर म्हणतात, अशा चिठ्ठ्या त्यांच्याकडे रोज येतात आणि त्यांना त्या वाचायला काही वाटत नाही.